आत्म्याला लिंग असतं का? देह, आत्मा आणि जेंडरबद्दल ख्रिस्ती विचार नक्की काय सांगतो

प्रश्न विचारणाऱ्या ताईंनी बरंच मोठं लिहिलंय, त्यातलं कामाचं तेवढं आधी मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. कुटुंब सीएनआयचं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडिया या प्रॉटेस्टंट चर्चचं, आईचं माहेर वसईचं कॅथलिक. धाकट्या भावाचं वय 23, त्यानं घरी सांगितलंय की लहानपणापासून मी आतून मुलगीच आहे आणि आता हार्मोन सुरू करायचेत. पाळकसाहेब म्हणाले आत्म्याला लिंग नसतं, शरीर देवानं दिलंय, त्यामुळे हा सगळा मनाचा भ्रम, विषय संपला. मावसभाऊ म्हणाला उलट आहे, आत्मा बाईचा आहे, तो पुरुषाच्या शरीरात आलाय, आणि आत्मा हाच खरा माणूस, मग शरीर बदललं तर बिघडलं कुठे. आणि आई विचारतेय की याला प्रभुभोजन, म्हणजे चर्चमधली भाकर आणि द्राक्षरस, घेता येईल का, आणि पुनरुत्थानाच्या दिवशी हा कोण म्हणून उठेल.

मी पाळक म्हणून काम केलंय, सेमिनरीत शिकवलंय, आणि अशा घरांमध्ये जाऊन बसणं गेली कित्येक वर्षं चालू आहे. तुमच्या आईचा शेवटचा प्रश्न या सगळ्यात भारी आहे, त्याच्याकडे येतोच, पण आधी पाळकसाहेब आणि मावसभाऊ यांचं बघू, कारण दोघं एकमेकांच्या विरुद्ध बोलतायत असं वाटतं पण दोघांच्या डोक्यातलं चित्र एकच आहे. आत्मा ही एक वेगळी वस्तू आणि शरीर म्हणजे तिची भाड्याची खोली. एक म्हणतो भाडेकरूला लिंग नाही, दुसरा म्हणतो भाडेकरू बाई आहे. आणि हे चित्रच मुळात ख्रिस्ती नाही.

आपल्या मराठी ख्रिस्ती लोकांच्या डोक्यात ते इतकं पक्कं का बसलंय हे कळणं अवघड नाही. आजूबाजूला गीतेतला श्लोक सगळ्यांना पाठ, जुनी वस्त्रं टाकून नवी घालावीत तसा आत्मा देह बदलतो. आपल्या दफनविधीलाही लोक सर्रास म्हणतात, आत्मा गेला, कुडी राहिली. हिंदू विचारात ते चित्र आपल्या जागी नीट बसतं, तिथे पुनर्जन्म आहे, कर्म आहे, पूर्ण एक मांडणी आहे. आपण त्यातलं अर्धंच उचललं आणि बायबलला चिकटवलं. पश्चिमेकडच्या ख्रिस्ती लोकांनीही तेच केलं, फक्त त्यांनी ते प्लेटोकडून उचललं जिथे शरीर म्हणजे आत्म्याचा तुरुंग आहे, आणि मग सतराव्या शतकात देकार्त या फ्रेंच तत्त्वज्ञानं त्याला नवा रंग दिला. त्यामुळे कुणी कुणाला हसायचं कारण नाही.

उत्पत्तीचा दुसरा अध्याय उघडून बघा. देव मातीपासून माणूस घडवतो, नाकपुड्यांत श्वास फुंकतो, आणि माणूस जिवंत प्राणी होतो. कुठल्यातरी तयार आत्म्याला शरीरात सोडलं असं तिथे म्हटलेलं नाही. माती आणि श्वास मिळून जे झालं तोच माणूस. पुढे येशूचं देहधारण, म्हणजे शब्द देही झाला, आणि पुनरुत्थानानंतर तो शिष्यांना म्हणतो मला चाचपून बघा, भुताला हाडमांस नसतं, आणि लूक सांगतो की त्यानं त्यांच्यासमोर भाजलेला मासा खाल्ला. प्रेषितांच्या मतांगीकारात, म्हणजे विश्वासाच्या कबुलीत, आपण दर रविवारी देहाचं पुनरुत्थान म्हणतो, आत्म्याची सुटका म्हणत नाही. थॉमस अक्वायनस हा मोठा कॅथलिक आचार्य तेराव्या शतकात 1 करिंथकर 15 वर लिहिताना सरळ म्हणाला की माझा आत्मा म्हणजे मी नव्हे, नुसते आत्मे तरले तर मी तरलो असं होत नाही. 1312 मध्ये व्हिएनच्या परिषदेनं आत्मा आणि देह यांची ही एकी कॅथलिक शिकवणीत अधिकृत केली, आणि आजच्या कॅटेकिझममध्येही, म्हणजे शिकवणीच्या अधिकृत पुस्तकातही, तेच आहे, की माणसात आत्मा आणि द्रव्य अशा दोन वस्तू जोडलेल्या नाहीत, दोन्ही मिळून एकच स्वभाव आहे.

कुणीतरी लगेच 1 थेस्सलनीकाकर 5:23 काढेल, आत्मा, जीव व शरीर. पौल तिथे प्रार्थना करतोय की तुम्ही पूर्णच्या पूर्ण निर्दोष राखले जावोत, माणसाचा छेद घेऊन तीन खण दाखवत नाहीये. हां, मेल्यावर आत्मा प्रभूजवळ असतो हे कॅथलिक मानतात आणि बहुतेक प्रॉटेस्टंटही मानतात, पौलही म्हणतो मला निघून ख्रिस्ताजवळ जायचंय. पण ती अवस्था अपुरी आहे, वाट बघण्याची आहे, शरीर परत मिळेपर्यंतची.

आता यातली सगळ्यात रंजक गोष्ट, जी मी वर्गात सांगितली की मुलं झोपेतून जागी व्हायची. तुमच्या पाळकसाहेबांचा आणि मावसभावाचा वाद जवळजवळ अठराशे वर्षं जुना आहे. दुसऱ्या शतकात अपेल्लेस नावाचा एक शिक्षक होता, मार्शनचा शिष्य, म्हणजे ज्या मार्शनला चर्चनं पाखंडी ठरवलं त्याच्या परंपरेतला. त्याचं म्हणणं असं की आत्मे आधीपासूनच स्त्री किंवा पुरुष असतात आणि शरीराला लिंग मिळतं ते आत्म्याकडून. कार्थेजच्या तेर्तुलियन या ख्रिस्ती लेखकानं तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीला आत्म्यावर एक मोठा ग्रंथ लिहिला, त्यात अपेल्लेसचं नाव घेऊन तो हे खोडतो. पण खोडताना तो "आत्म्याला लिंग नसतं" असं म्हणत नाही! तो म्हणतो देह आणि आत्मा एकाच वेळी गर्भात पेरले जातात, आणि लिंगही दोघांना एकदमच मिळतं, कुणी आधी नाही कुणी नंतर नाही. सगळ्या चर्चनं तेर्तुलियनचं पेरण्याचं मत स्वीकारलं नाही, कॅथलिक शिकवण अशी की प्रत्येक आत्मा देव थेट निर्माण करतो, पण आत्मा शरीराआधी कुठेतरी तयार होऊन थांबलेला असतो ही कल्पना मात्र चर्चनं नाकारली. ओरिजेन या तिसऱ्या शतकातल्या आचार्याशी जोडलेलं तसलंच मत सहाव्या शतकात, 553 च्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेच्या काळात, निषिद्ध ठरलं.

म्हणजे मावसभावाचं "बाईचा आत्मा पुरुषाच्या शरीरात" हे वाक्य प्रेमापोटी आलंय, मला कळतं, आणि बऱ्याच ट्रान्स व्यक्ती स्वतःचा अनुभव समजावताना तसंच बोलतात कारण दुसरे शब्दच हाताशी नसतात, पण ख्रिस्ती शिकवण म्हणून ते टिकत नाही. चुकीच्या शरीरात पडायला आधी कुणीतरी शरीराबाहेर असायला लागतं.

आणि पाळकसाहेब? त्यांना वाटेल चला आपण जिंकलो. नाही. आत्म्याला लिंग नाही म्हणून भावना भ्रम, हा युक्तिवाद तर अजूनच प्लेटोछाप आहे. माणूस एकच असेल तर त्याचं मन, त्याचा मेंदू, त्याच्या आठवणी, आरशासमोर उभं राहिल्यावर पोटात येणारा गोळा, हे सगळं त्याच एका माणसाचं आहे, आणि मेंदू हा शरीराचाच भाग आहे ना, तो काही स्वर्गातून लोंबकळत नाही. शरीर देवानं दिलं असं म्हणताना गळ्याखालचं तेवढं शरीर मोजायचं आणि वरचं सोडून द्यायचं हे चालणार नाही. असं का होतं याचं एक ठाम कारण विज्ञानाकडे आज नाही, जन्माआधीचे हार्मोन, अनुवंशिकता, वाढतानाचं वातावरण, यावर अभ्यास चालू आहेत. पण ते खरं असतं यावर डॉक्टरांमध्ये वाद नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं आयसीडी 11 या आजारांच्या यादीत, जी 2022 पासून लागू झाली, हा विषय मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात टाकला. अमेरिकन मानसोपचाराच्या डीएसएम 5 या निदानाच्या पुस्तकात 2013 पासून जेंडर डिस्फोरिया हा शब्द आहे, म्हणजे शरीर आणि आतली ओळख जुळत नाही याचा त्रास, आणि त्यात निदान होतं ते त्रासाचं, ओळखीचं नाही.

म्हणून मी घरात बसतो तेव्हा आत्म्याचा विषय लवकर बाजूला ठेवतो, कारण चर्चेस खऱ्या भांडतायत त्या वेगळ्याच तीन प्रश्नांवर. निर्मितीत जे दिलंय त्याचा अर्थ काय. पतनानंतर, म्हणजे आदाम-हव्वेनं आज्ञा मोडल्यानंतर, त्यातलं काय मोडलंय. आणि मोडलेल्याला हात कुठपर्यंत लावायचा.

पहिल्यासाठी सगळे उत्पत्ती 1:27 कडे जातात, नर व नारी अशी ती निर्माण केली. पारंपरिक वाचन असं की ही दोन रूपं हा देवाच्या प्रतिरूपाशी जोडलेला दिलेला क्रम आहे, आणि येशूनं मत्तय 19:4 मध्ये तेच वाक्य परत उच्चारलंय, म्हणजे शिक्का मारलाय. दुसरं वाचन असं की त्याच अध्यायात दिवस आणि रात्र आहे पण संधिप्रकाशाचं नाव नाही, जमीन आणि समुद्र आहे पण खाजणाचं नाही, म्हणजे लेखक दोन टोकं सांगून मधलं सगळं त्यात धरतोय. हा दुसरा मुद्दा ऐकायला छान आहे पण मला तो एकट्यानं पुरेसा वाटत नाही, कारण कविता उघडी आहे म्हणून तिच्यात काहीही भरता येतं असं नाही. मला जास्त वजनदार वाटतं ते मत्तयाच्या त्याच अध्यायातलं बारावं वचन, त्याच संभाषणातलं, आठच वचनं पुढे. येशू म्हणतो काही जण आईच्या उदरातूनच नपुंसक जन्मतात, काहींना माणसं तसं करतात, काहींनी स्वर्गाच्या राज्यासाठी तसं करून घेतलंय, ज्याला झेपेल त्यानं हे घ्यावं. म्हणजे नर-नारीचं वाक्य उच्चारलेल्याच तोंडानं तो मान्य करतोय की सगळे त्या रांगांत बसत नाहीत, आणि त्यांना तो शिव्या देत नाही, बरं करायला बोलावत नाही, उलट राज्याचं उदाहरण म्हणून उभं करतो. ज्यांना दोनच हवेत त्यांनी बारावं वचन वाचावं, ज्यांना दोन नकोतच त्यांनी चौथं वाचावं.

जुन्या करारात याची एक लांब गोष्ट आहे. अनुवाद नावाच्या पुस्तकात 23:1 मध्ये अंडकोश ठेचलेल्याला किंवा लिंग कापलेल्याला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही. यशया 56 मध्ये तोच देव म्हणतो की जो नपुंसक माझा करार पाळतो त्याला मी माझ्या घरात मुलगे-मुलींहून श्रेष्ठ नाव देईन. आणि प्रेषितांची कृत्ये आठव्या अध्यायात इथिओपियाच्या राणीचा षंढ अधिकारी रथात बसून नेमका यशयाच वाचतोय, तो फिलिप्पाला विचारतो मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे, आणि अडचण काहीच निघत नाही. आपल्या चर्चमध्ये हा उतारा मिशनवर उपदेश करायला शंभरदा वापरला जातो, पण तो माणूस कोण होता, त्याच्या शरीराचं काय झालं होतं, यावर उपदेशकाचं तोंड शिवलेलं असतं.

पण प्राचीन नपुंसक म्हणजे आजची ट्रान्स व्यक्ती असं समीकरण मी मांडत नाही. बहुतेकांना लहानपणी गुलाम म्हणून जबरदस्तीनं कापलेलं असायचं, ओळखीचा प्रश्नच नव्हता. वाळवंटातल्या संतांच्या गोष्टींनाही तेच लागू. मारिना नावाची मुलगी मारिनोस नावानं मठात साधू म्हणून राहिली, तिच्यावर एका मुलीला गरोदर केल्याचा आळ आला, तिनं खरं सांगितलं नाही, शिक्षा भोगली, ते मूल वाढवलं, आणि मेल्यावर अंघोळ घालताना सगळ्यांना कळलं. मारोनी आणि ऑर्थोडॉक्स चर्च तिला संत मानतात. ही संतचरित्रं आहेत, कोर्टाचा पुरावा नव्हे, आणि लिहिणाऱ्यांचा मुद्दा तपश्चर्येचा होता. पण पुरुषी कपडे घातले की थेट नरक, अनुवाद 22:5 बघा, असं जे कुणी ओरडतं त्याला हे माहीत असलेलं बरं की चर्चनं अशा बायकांना वेदीवर बसवलंय.

हात कुठपर्यंत लावायचा यावरही जुना निकाल आहे. 325 ची निकियाची परिषद, जिचा मतांगीकार आपण म्हणतो, तिचा पहिलाच नियम कापलेल्या पुरुषांबद्दल आहे. आजारपणात वैद्यानं कापलं असेल किंवा मालकानं, शत्रूनं कापलं असेल तर तो धर्मगुरू राहू शकतो, पण धडधाकट असताना ज्यानं स्वतःहून कापून घेतलं त्याला धर्मगुरुपद नाही. आजचा सगळा वाद या एका नियमात आधीच बसलेला आहे असं मला वाटतं. सर्जरी हा आजारावरचा इलाज आहे का, की निरोगी शरीर कापणं? कॅथलिक नीतिशास्त्रात एक तत्त्व आहे, पूर्णाच्या भल्यासाठी अंशाचा त्याग करता येतो, पोप पायस बारावे यांनी 1950 च्या दशकात ते डॉक्टरांसमोर बरंच समजावलं होतं. गँगरीन झालेला पाय कापतात तो याच आधारावर. व्हॅटिकनचं म्हणणं, डिस्फोरियात अवयव निरोगी आहे म्हणून तत्त्व लागू नाही. काही कॅथलिक नीतितज्ज्ञ म्हणतात, पूर्ण म्हणजे पूर्ण माणूस, आणि तो माणूस त्रासानं मरायला टेकला असेल तर तत्त्व लागू होतं. देहात्म्याची एकी दोघंही मानतात, हे लक्षात घ्या.

आज कोण कुठे उभं आहे ते भराभर सांगतो. कॅथलिक चर्चची भूमिका पोप जॉन पॉल दुसरे यांच्या 1979 ते 1984 च्या बुधवारच्या प्रवचनांवर उभी आहे, शरीर स्वतःच काहीतरी बोलतं, ते नुसतं साधन नाही. पोप फ्रान्सिस यांनी 2016 मध्ये म्हटलं की जैविक लिंग आणि समाजानं दिलेली भूमिका यांत फरक करता येतो पण त्यांना तोडता येत नाही. एप्रिल 2024 च्या डिग्निटास इन्फिनिटा या दस्तऐवजात म्हटलंय की लिंगबदलाचा हस्तक्षेप सहसा माणसाच्या प्रतिष्ठेला धोका आणतो, पण जन्मतः जननेंद्रियांत दोष असेल तर उपचार चालतो. पण त्याच व्हॅटिकननं नोव्हेंबर 2023 मध्ये जाहीर केलेल्या उत्तरात सांगितलं की ट्रान्स व्यक्तीनं हार्मोन घेतले असले, सर्जरी झाली असली, तरी बाकी विश्वासणाऱ्यांच्याच अटींवर बाप्तिस्मा मिळू शकतो, मंडळीत गोंधळ माजणार नसेल तर. लग्नात साक्षीदार व्हायलाही कॅनन कायद्याची आडकाठी नाही, आणि गॉडपेरेंट व्हायचं असेल तर तो निर्णय तिथल्या फादरच्या विवेकावर. वसईच्या मामा-मावशांना हे दुसरं अर्धं क्वचितच माहीत असतं.

प्रॉटेस्टंटांमध्ये तर पूर्ण बाजार आहे. अमेरिकेतल्या सदर्न बॅप्टिस्टांनी 2014 मध्ये ठराव केला की लिंग जन्मानं ठरतं आणि ते बदलायचा प्रयत्न चूक, एपिस्कोपल चर्चनं त्याआधीच 2012 मध्ये ट्रान्स व्यक्तींना धर्मगुरुपदाच्या दीक्षेसाठी दार उघडलं होतं. चर्च ऑफ इंग्लंडमध्ये 2000 सालीच स्विंडनच्या कॅरोल स्टोन या ट्रान्झिशननंतर, म्हणजे पुरुषाची स्त्री म्हणून राहायला लागल्यानंतर, धर्मगुरू म्हणून कामावर परतल्या, आणि 2018 मध्ये बिशपांनी मार्गदर्शन दिलं की ट्रान्झिशन केलेल्या व्यक्तीसाठी बाप्तिस्म्याच्या विश्वासाचं पुनरुच्चारण करता येईल. नवा बाप्तिस्मा नाही, तो एकदाच असतो. इथे भारतात नागपूरला मुख्यालय असलेल्या एनसीसीआयनं, म्हणजे चर्चेसच्या राष्ट्रीय परिषदेनं, लैंगिक विविधतेवर चर्चमध्ये चर्चा घडवायचा प्रयत्न केलाय, पण गावातल्या मंडळीपर्यंत ते कितपत झिरपलं हे तुम्हालाच ठाऊक.

अमेरिकेतले मार्क यारहाउस म्हणून ख्रिस्ती मानसशास्त्रज्ञ आहेत, त्यांची एक मांडणी मला घरात बोलताना फार उपयोगी पडते. ते म्हणतात लोक याकडे तीन चष्म्यांतून बघतात. निर्मितीचा क्रम पवित्र आहे, तो मोडू नका. किंवा पतित जगातली ही एक अवस्था आहे, कुणाचा दोष नाही, त्रास हलका करा. किंवा ही विविधता आहे, साजरी करा. मी स्वतः पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये कुठेतरी उभा असतो, रोमकरांस पत्र आठवा अध्याय, सगळी सृष्टी कण्हतेय आणि आपणही आपल्या शरीराच्या मुक्तीची वाट बघत कण्हतोय, हे मला या विषयावरचं सगळ्यात प्रामाणिक वचन वाटतं. सर्जरीच्या बाबतीत मी सावध आहे, तिच्यात परतीची वाट नाही म्हणून. पण 23 वर्षांच्या सज्ञान माणसाचा निर्णय मी घेऊ शकत नाही, आणि त्याला घराबाहेर काढणं हे पाप आहे याबद्दल मात्र मला तिळमात्र शंका नाही.

आता आईचा प्रश्न. पुनरुत्थानात हा कोण म्हणून उठेल. यावर चर्चच्या बापांचं, म्हणजे पहिल्या शतकांतल्या मोठ्या आचार्यांचं, एकमत नाही. निस्साचा ग्रेगरी, चौथ्या शतकातला, ज्याचं नाव आपल्या त्र्यैक्याच्या शिकवणीत आदरानं घेतात, तो म्हणतो की देवाच्या प्रतिरूपात नर-नारी भेद नाहीच, तो भेद देवानं पतन आधीच दिसत होतं म्हणून नंतर जोडला, आणि बरेच अभ्यासक त्याला असं वाचतात की पुनरुत्थानात तो भेद राहणार नाही. ऑगस्टीन नेमका उलट. त्याच्या काळात काही लोक म्हणायचे की बायकाही पुरुष होऊन उठतील कारण पुरुष म्हणजे परिपूर्ण. ऑगस्टीननं "देवाचं नगर" या ग्रंथाच्या बाविसाव्या भागात ते उडवून लावलं, स्त्रीचं शरीर हा दोष नाही, तो निसर्ग आहे, दोष जाईल निसर्ग राहील. पुनरुत्थान न मानणाऱ्या सदूकी या यहूदी पंथानं सात नवऱ्यांच्या बाईबद्दल विचारलं तेव्हा येशू म्हणाला तिथे लग्न नसेल, तिथे बायका नसतील असं तो म्हणाला नाही, हा ऑगस्टीनचा मुद्दा. पश्चिमेकडच्या चर्चनं ऑगस्टीनचं ऐकलं.

तुमच्या भावासाठी याचा अर्थ काय? ऑगस्टीनचा नियम लावायचा म्हटलं, दोष जातो निसर्ग राहतो, तर मग त्याच्या बाबतीत दोष कुठला आणि निसर्ग कुठला, हेच तर सगळे भांडतायत. परंपरेचं सरळ उत्तर, पुरुष म्हणून. काही आजचे ईश्वरविद्येचे अभ्यासक म्हणतील, स्त्री म्हणून. मी आईला एवढं सांगेन की दोन गोष्टी दोन्ही बाजूंना मान्य आहेत. तो तोच असेल, दुसरा कुणी नाही, तुम्ही ओळखाल. आणि शरीरानं इथे जे सोसलं ते पुसून टाकलेलं नसेल, कारण उठलेल्या येशूच्या हातावर खिळ्यांचे वण होते आणि थोमानं त्यावरूनच त्याला ओळखलं. शरीर आणि मन यांचं भांडण मात्र तिथे नसेल, कुठल्या बाजूनं मिटलं असेल ते देवाला माहीत.

प्रभुभोजनाचं. सीएनआयमध्ये पाळकसाहेब नाही म्हणाले तर कारण विचारा, आणि भावना असणं हे कारण होऊ शकत नाही हे नम्रपणे सांगा, कारण डिस्फोरिया असणं पाप आहे असं जबाबदार पारंपरिक शिक्षकही म्हणत नाहीत. ऐकलंच नाही तर डायोसिसकडे, म्हणजे बिशपांच्या कार्यालयाकडे, जाता येतं. कॅथलिक बाजूला तिथल्या फादरशी आधी खाजगीत बोला, रांगेत उभं राहून नकार मिळण्याची वेळ आणू नका, तो अपमान माणूस विसरत नाही.

भूत काढणं, उपासाला कोंडणं, केस धरून प्रार्थना, हे कुणी सुचवलं तर त्या माणसाला घरात घेऊ नका. मी असले प्रकार झालेली मुलं बघितली आहेत आणि त्यातल्या कुणाचं जेंडर बदललं नाही, विश्वास तेवढा गेला. डॉक्टरकडून "बरं करून" घ्यायचाही नाद नको, 2022 मध्ये नॅशनल मेडिकल कमिशननं कन्व्हर्जन थेरपीला व्यावसायिक गैरवर्तन ठरवलंय. उलट बाजूनंही सांगतो, काउन्सेलर पहिल्याच भेटीत हार्मोनची चिठ्ठी द्यायला निघाला तर दुसरा शोधा.

एक अडचण आपल्या भाषेची आहे जी इंग्रजी पुस्तकं वाचून सुटत नाही. मराठीत "मी आले" की "मी आलो" हे ठरवल्याशिवाय तोंडच उघडता येत नाही. भाऊ आता "मी आले" म्हणायला लागला असेल तर घरातला प्रत्येक माणूस प्रत्येक वाक्याला अडखळणार, आजी तर नक्कीच. मी या उत्तरात "भाऊ" म्हटलं कारण तुम्ही तसं लिहिलंय, त्याला समोर बसवून बोलताना मी आधी विचारतो काय म्हणू, आणि तेच म्हणतो. काही पाळक मित्र म्हणतात याचा अर्थ तू सगळं मान्य केलंस. मला तसं वाटत नाही, जक्कय या बदनाम जकातदाराच्या घरी जाताना येशूनं आधी त्याच्याकडून हिशेब मागितला नव्हता. ज्यांना सदसद्विवेकानं ते जमत नाही त्यांनी निदान नावानं हाक मारावी आणि वाक्यं आटोपशीर करावीत, टोमण्यासाठी मुद्दाम "तो तो" करू नये. कौटुंबिक प्रार्थनेत "तुझं लेकरू" म्हटलं की बरंचसं भागतं, मराठीत लेकरू नपुंसकलिंगी आहे हे अशा वेळी कामाला येतं.

आणि हे आजच बघा, बाकी सगळं नंतर. भाऊ हार्मोन सुरू करायचेत म्हणतोय तर त्यानं गुपचूप सुरू केलेत का हे न ओरडता विचारा. बरीच मुलं घरी सांगायच्या आधीच मेडिकलमधून गर्भनिरोधक गोळ्या आणून तिप्पट-चौपट खातात, मित्रानं सांगितलं म्हणून, आणि त्यातल्या इस्ट्रोजेननं रक्ताच्या गुठळ्या होऊ शकतात. सिगरेट ओढत असेल तर धोका अजून वाढतो. पायाला एका बाजूनं सूज, पोटरी दुखणं, अचानक दम लागणं असं काही असेल तर थेट हॉस्पिटल. नसेल तर एक मानसोपचारतज्ज्ञ आणि एक एंडोक्रायनॉलॉजिस्ट, दोघांची अपॉइंटमेंट घ्या आणि त्याची हरकत नसेल तर तुम्ही सोबत जा, आईला पहिल्या खेपेला नको.